पिंप, पिसारा आणि पहारेकरी

संग्रहालयातल्या पहारेकऱ्याला कामावर घेताना बरंच काही शिकवत असतील. हात लावू देऊ नका, पळू देऊ नका, फ्लॅश मारू देऊ नका, पाण्याची बाटली दालनात नेऊ देऊ नका. पण नाचणाऱ्या माणसाचं काय करायचं, हा धडा त्यात बहुधा नसावा. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन म्युझियममध्ये कॅरिबियन कला-संगीताची फुकट संध्याकाळ असली, की चित्रांआधी या पहारेकऱ्याला पाहून घ्यावं. खाली सोका नावाचं त्रिनिदादी नाचगाणं सुरू झालेलं असतं आणि तिसऱ्या मजल्यावर, इजिप्तच्या दालनात, साठीच्या एक बाई डोक्यावर हॅट आणि काखेत पर्स सांभाळत काचेच्या पेट्यांमधून पुढे सरकत असतात. कमरेच्या वरचं अंग अगदी स्थिर, शालीन. कमरेखालचं केव्हाच त्रिनिदादला पोचलेलं. पेटीला हात लागलेला नाही, पळापळ नाही, फ्लॅश नाही. एकही नियम मोडलेला नाही, तरी काहीतरी मोडतंय एवढं पहारेकऱ्याला कळतं. तो वॉकी-टॉकी तोंडाशी नेतो, क्षणभर थांबतो आणि परत कमरेला अडकवतो. कळवणार तरी काय? त्यातून तो स्वतःच ग्रेनेडाचा किंवा बार्बाडोसचा निघाला तर प्रश्नच मिटला. त्याचाही एक पाय ठेका धरून बसलेला असतो आणि दुसरा पाय पगारावर असतो.

त्या दालनात शांतता राखणारे एवढेच उरलेले असतात. पहारेकऱ्याचा एक पाय आणि ममी.

‘फर्स्ट सॅटर्डेज’ नावाचा हा उपक्रम १९९८ च्या ऑक्टोबरात सुरू झाला. महिन्यातला पहिला शनिवार, संध्याकाळपासून रात्री उशिरापर्यंत, प्रवेश फुकट. टार्गेट या दुकानसाखळीनं बरीच वर्षं खर्च उचलला आणि कार्यक्रमाच्या नावापुढे आपलं नाव लावून घेतलं. गाणं, नाच, सिनेमा, चर्चा, मुलांसाठी हस्तकला, आणि ज्यांना खरंच पाहायच्या असतील त्यांच्यासाठी चित्रंसुद्धा. विषय दर वेळी बदलतो. कॅरिबियन विषय असला की गर्दीला बोलवावं लागत नाही, कारण गर्दी शेजारीच राहते. म्युझियमच्या दारावरून जाणारा ईस्टर्न पार्कवे हा रस्ता पूर्वेकडे क्राउन हाइट्समध्ये शिरतो, आणि तिथून फ्लॅटबुशपर्यंत जमैका, हैती, त्रिनिदाद, गयाना, बार्बाडोस अशी बेटं-देश भाड्याच्या घरांतून मांडलेले आहेत. नकाशावर जे दोन-अडीच हजार किलोमीटर समुद्रात पसरलं आहे, ते इथे बसच्या दोन-चार थांब्यांत आटपतं.

फुकट म्हटल्यावर माणसाची चाल बदलते. तिकीट काढून आलेला माणूस प्रत्येक चित्रापुढे पैसे वसूल होईपर्यंत उभा राहतो, पाटी अथपासून इतिपर्यंत वाचतो आणि तिसऱ्या दालनात त्याचे पाय दुखायला लागतात. फुकट आलेला माणूस मोकळा असतो. आवडलं नाही तर पुढे जातो, आवडलं तर तिथेच बसकण मारतो. चित्रं पाहायची ही दुसरी रीत पहिलीपेक्षा कितीतरी बरी; पण तिच्यावर संग्रहालयाचं वीजबिल भागत नाही, एवढाच तिच्यात दोष.

अशाच एका शनिवारी न्यू जर्सीतल्या एडिसनहून एक मराठी कुटुंब येतं असं धरू. मुलगा, सून, नातू, आणि सहा महिन्यांसाठी कोल्हापूरहून आलेले आजोबा. फुकट कार्यक्रमाला पोचायचं म्हणजे आधी गोएथल्स पुलाचा टोल, मग व्हेराझानो पुलाचा टोल, मग पार्किंग. आजोबा प्रत्येक टोलला डॉलरचे रुपये करतात आणि काचेबाहेर बघत राहतात. दारात आल्यावर कुणीच पैसे मागितले नाहीत, तेव्हा ते सुनेला म्हणतात, “फुकट सोडतायत म्हणजे आत काहीतरी विकत असणार.” अनुभवी माणूस. आत शिरल्याबरोबर डाव्या हाताला बारची रांग दिसते.

ज्या इमारतीत हे चालतं, तिची मूळ ऐट अशी नव्हती. ब्रुकलिन हे तेव्हा न्यूयॉर्कपासून वेगळं, स्वतंत्र शहर होतं आणि जगातलं सगळ्यात मोठं संग्रहालय आपण बांधायचं असा त्याचा बेत होता. मॅकिम, मीड अँड व्हाइट या नामांकित वास्तुरचनाकारांना काम दिलं. १८९७ मध्ये पहिला भाग उघडला, आणि १ जानेवारी १८९८ ला ब्रुकलिन न्यूयॉर्क शहरात विलीन झालं. शहराची महत्त्वाकांक्षा एका रात्रीत उपनगराची झाली. योजलेल्या इमारतीचा जेमतेम सहावा हिस्सा उभा राहिला. हा सहावा हिस्सा पाहताना मान दुखते. उरलेले पाच झाले असते तर ब्रुकलिनमध्ये राहायला जागा उरली नसती.

समोर भव्य दगडी पायऱ्या होत्या. पायऱ्या चढून, धापा टाकत, नम्र होऊन आत यायचं, असा तो शिरस्ता. १९३४ मध्ये त्या पायऱ्या काढून टाकल्या आणि दार रस्त्याच्या पातळीवर आणलं. २००४ मध्ये तिथे काचेचा अर्धवर्तुळाकार मंडप आला आणि त्याच्या बाजूने नव्या पायऱ्याही आल्या. मात्र या चढायच्या नाहीत, बसायच्या. संध्याकाळी तिथे शेजारपाजारची मंडळी कोपर टेकून बसलेली दिसतात. संग्रहालयाला एवढं खाली यायला शंभर वर्षं लागली, आणि गंमत म्हणजे त्याची सुरुवातच मुळात खालून झाली होती. १८२३ मध्ये कामगारांच्या उमेदवार पोरांसाठी काढलेलं वाचनालय, हा या संस्थेचा मूळपुरुष. दगडी खांब नंतर आले.

कॅरिबियन मंडळींचा ईस्टर्न पार्कवेशी संबंध जुळला तो मात्र हवामानामुळे आणि पोलिसांमुळे. कार्निव्हल हा खरा फेब्रुवारी-मार्चमधला सण, लेंट नावाचे उपासाचे दिवस सुरू होण्याआधीचा. त्रिनिदादला फेब्रुवारीत पिसं आणि मणी एवढ्यावर भागतं. न्यूयॉर्कच्या फेब्रुवारीत पिसं आणि मणी घालून बाहेर पडलेला माणूस सण संपायच्या आत इस्पितळात जातो. म्हणून हार्लेममध्ये स्थायिक झालेली त्रिनिदादी मंडळी आधी बॉलरूम भाड्याने घेऊन बंद दाराआड कार्निव्हल करायची. पण रस्त्यावर न केलेला कार्निव्हल हा कार्निव्हल नव्हे, हे ज्याला-त्याला कळत होतं. शेवटी जेसी वॉडेल नावाच्या बाईंनी १९४७ मध्ये हार्लेमच्या रस्त्यावर मिरवणूक काढली, ती सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, लेबर डेला. उपासाशी नातं तुटलं, पण न्यूमोनिया टळला. १९६४ मध्ये हार्लेमचा परवाना रद्द झाला आणि साठचं दशक संपता संपता मिरवणूक ब्रुकलिनच्या ईस्टर्न पार्कवेवर आली. तेव्हापासून ती यूटिका अॅव्हेन्यूकडून ग्रँड आर्मी प्लाझाकडे जाते. वाटेत ७७० क्रमांकाच्या घरात लुबाविच पंथाच्या कर्मठ ज्यू मंडळींचं जागतिक मुख्यालय आहे. एकीकडे काळे लांब कोट आणि काळ्या हॅटा, दुसरीकडे शहामृगाची पिसं आणि बाकी फारसं काही नाही. शहराच्या पोशाखातली दोन टोकं वर्षातून एकदा एकाच फुटपाथवर भेटतात.

मिरवणूक संपते ती म्युझियमच्या परिसरात. मागच्या अंगणात स्टीलबँडच्या स्पर्धा होतात. म्हणूनच की काय, संग्रहालयाच्या वेळापत्रकातून सप्टेंबरचा पहिला शनिवार वगळला जातो. दारात दहा लाखांचा जमाव नाचत असताना आत ‘आता आपण संगीताचा आस्वाद घेऊ या’ असं कोण कुणाला सांगणार?

पण संग्रहालयाच्या आत कॅरिबियन संगीत आलेलं पाहताना खरी मौज कशात असेल तर ती त्या पिंपात. हो, पिंपच. स्टीलपॅन म्हणून जे वाद्य झगमगीत क्रोमचा मुलामा चढवून, चाकांच्या चौकटीत टांगून, मंचावर आणतात, ते मूळचं पंचावन्न गॅलनचं तेलाचं पिंप. त्रिनिदादमध्ये ब्रिटिशांनी १८८० च्या दशकात कार्निव्हलमधल्या ढोलांवर बंदी घातली. कारण सांगितलं शांतता-सुव्यवस्थेचं. राज्यकर्त्यांना दुसरं कारण कधी सुचलेलं नाही. ढोल गेले तसे लोकांनी बांबू कापले आणि वेगवेगळ्या लांबीचे तुकडे जमिनीवर आपटून ताल धरला. बांबूच्या त्या ताफ्यांवरही पोलिसांचा डोळा होताच. १९३० च्या दशकात पोरं बिस्किटांचे डबे, रंगाचे डबे, कचऱ्याच्या डब्यांची झाकणं, मोटारींचे सुटे भाग असं जे सापडेल ते बडवू लागली. डबा सारखा बडवला की पत्र्याला पोचा पडतो, आणि पोचा पडलेल्या जागी सूर बदलतो, हे कुणाच्या तरी लक्षात आलं. कुणाच्या, यावर त्रिनिदादमध्ये आजही वाद घालता येतो. विन्स्टन ‘स्प्री’ सायमन, एली मॅनेट अशी नावं निघतात, आणि मग संध्याकाळ तिथेच जाते.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं बेटावर तळ ठोकले आणि रिकाम्या पिंपांची ददात मिटली. युद्धाच्या काळात कार्निव्हलवर बंदी होती. १९४५ मध्ये युद्ध संपल्याचा जल्लोष करायला लोक रस्त्यावर आले ते पत्र्याचे सूर घेऊनच. त्या वेळी पॅन वाजवणारा पोरगा म्हणजे वाया गेलेला, असा घरोघरचा समज होता. बँडची नावंही समज दृढ करणारीच: इनव्हेडर्स, डेस्पेराडोज, रेनेगेड्स, कॅसाब्लांका, टोकियो. बरीचशी नावं थिएटरात लागलेल्या हॉलिवूडच्या सिनेमांवरून उचललेली. दोन बँड समोरासमोर आले की सूर बाजूला राहायचे आणि बाटल्या उडायच्या. तरी १९५१ मध्ये या ‘वाया गेलेल्या’ पोरांमधून निवडून काढलेला ताफा लंडनला फेस्टिव्हल ऑफ ब्रिटनमध्ये वाजवायला गेला. ज्यांनी ढोल बंद केले त्यांच्याच राजधानीत, त्यांच्याच टाळ्या. १९५७ मध्ये अमेरिकी नौदलाच्या एका अॅडमिरलनं खलाशांचा स्टीलबँड काढला. १९९२ मध्ये स्टीलपॅन त्रिनिदाद-टोबॅगोचं राष्ट्रीय वाद्य झालं, आणि २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ११ ऑगस्ट हा जागतिक स्टीलपॅन दिवस ठरवला. पिंपाची बढती पाहून भल्याभल्या सरकारी नोकरांना हेवा वाटावा.

पॅन कसं बनतं हे जवळून पाहण्यासारखं आहे. पिंपाचं बूड घणानं ठोकून ठोकून खोलगट करतात, पसरट काहिलीएवढं. मग सुरांच्या जागा आखायच्या, त्यांच्या कडा छिन्नीनं ठसवायच्या, पिंप हवं तेवढं कापायचं आणि आगीवर धरून पत्रा तावून घ्यायचा. खरं काम त्यानंतर सुरू होतं. कारागीर लहानशी हातोडी घेतो, पत्र्याला कान लावतो आणि खालून एक, वरून एक अशा टिचक्या देत एकेका वर्तुळात एकेक सूर बसवतो. एका सुराला हात लावला की शेजारचा बिघडतो. तो नीट करावा तर पहिला रुसतो. टेनर पॅनमध्ये असे पंचवीस-तीस रुसवे एका पिंपात सांभाळायचे असतात. वाजवायच्या काड्यांच्या टोकाला रबर असतं, आणि ताफ्याच्या मधोमध ज्याला ‘इंजिन रूम’ म्हणतात त्या तालवाद्यांच्या गटात एक जण मोटारीचं ब्रेक ड्रम सळईनं बडवत असतो. खरोखरचं ब्रेक ड्रम. ज्या वस्तूचं काम गाडी थांबवणं, ती इथे सगळ्यांना पळवते.

म्युझियमच्या संध्याकाळी मुलांना पॅन वाजवून पाहायला मिळतं. निदान घोषणा तशी असते. प्रत्यक्षात रांगेत मूल पुढे आणि बाप मागे असतो, मुलाच्या हातात काडी येते आणि पाचव्या सेकंदाला बाप म्हणतो, “थांब, असं नाही, मी दाखवतो.” मग पोरगं बाजूला उभं राहून बापाचं कलाशिक्षण पाहतं. एडिसनच्या बापानंही हेच केलं. त्याला पॅनवर एकच धून वाजवायची होती: बेलाफॉंटेचं केळीवालं गाणं. अशा प्रत्येक कार्यक्रमात हे गाणं मागणारा एक तरी निघतो, आणि ब्रुकलिनचे डीजे त्याच्याकडे फार सहनशील नजरेनं पाहतात. हॅरी बेलाफॉंटे हार्लेममध्ये जन्मला, त्याची १९५६ ची ‘कॅलिप्सो’ नावाची तबकडी लाखोंनी खपली, आणि तिच्यातलं ते सर्वांत गाजलेलं गाणं मुळात कॅलिप्सो, म्हणजे त्रिनिदादचं गाणं, नव्हेच. ते जमैकाचं श्रमगीत आहे. रात्रभर केळीचे घड बोटीत चढवणारे मजूर पहाटे घरी सोडा म्हणून विनवतात, असं. त्या तबकडीतल्या गाण्यांना हात लावणारा अर्विंग बर्जी हा अस्सल ब्रुकलिनचा, आई बार्बाडोसची. पुढे १९६६ मध्ये बार्बाडोस स्वतंत्र झालं तेव्हा राष्ट्रगीताचे शब्दही यानंच लिहून दिले. म्हणजे एका देशाचं राष्ट्रगीत आणि जगभरच्या सहलींच्या बसमधलं गाणं, दोन्हींवर एकाच गल्लीतल्या पोराची सही आहे.

खरे कॅलिप्सो गाणारे स्वतःला फार मोठी नावं घेतात. लॉर्ड किचनर, लॉर्ड इनव्हेडर, अटिला द हुन, रोअरिंग लायन. या सेनापती-सिंहांमध्ये एक जण माइटी स्पॅरो म्हणून उभा राहिला, आणि १९५६ पासून पुढची कित्येक वर्षं ती चिमणीच सगळ्यांना पुरून उरली. हे गाणारे वर्तमानपत्राचं काम करायचे. राजकारण, भाववाढ, कुणाची बायको कुणाबरोबर गेली, सगळं गाण्यात. अमेरिकेत अँड्र्यूज सिस्टर्सनी १९४५ मध्ये ‘रम अँड कोकाकोला’ गाऊन धमाल उडवली. ते गाणं आपलं आहे म्हणून लॉर्ड इनव्हेडर न्यूयॉर्कच्या कोर्टात गेला आणि जिंकून आला. बिरुदाला जागला.

आता पिसारा. मुलांच्या हस्तकलेच्या टेबलावर पुठ्ठे, टिकल्या, डिंक आणि रंगीत पिसं ठेवलेली असतात आणि पंधरा मिनिटांत अख्ख्या मजल्यावर पिसं उडत असतात. तेवढ्यात मोको जंबी येतात, उंच काठ्यांवर चालणारे. पश्चिम आफ्रिकेतून समुद्र ओलांडून आलेला हा रक्षक-भुताचा अवतार; इतका उंच की येणारं संकट त्याला सगळ्यांच्या आधी दिसतं, अशी समजूत. म्युझियममध्ये त्याला सगळ्यांच्या आधी दिसते ती दाराची चौकट. दहा-बारा फुटांचा तो देखणा पुरुष चौकटीखालून वाकून जातो तेव्हा पहारेकरी श्वास रोखून छताकडे, आणि आजोबा त्याच्या पायांकडे पाहत असतात. “गुडघा कुठं आहे याचा?” हा त्यांचा प्रश्न वास्तविक सगळ्यांनाच पडलेला असतो.

मिडनाइट रॉबर हे आणखी एक जुनं सोंग. भलीमोठी झालरीची टोपी, काळा झगा, हातात पिस्तूल, तोंडात शिटी. वाट अडवायची आणि आपल्या क्रौर्याच्या अशा काही वल्गना करायच्या की ऐकणाऱ्यानं घाबरून पैसे द्यावेत. मी जन्मलो तेव्हा सूर्य झाकोळला, नद्या आटल्या, असा सारा मामला. संग्रहालयाच्या दारातच अगदी नम्रपणे ‘ऐच्छिक देणगी’ मागणारी पेटी ठेवलेली असते. दोन्हींचा हेतू एकच. रॉबरचं वक्तृत्व अधिक चांगलं.

या पोशाखांपाशी संग्रहालयाची पंचाईत होते. पीटर मिन्शल हा त्रिनिदादच्या कार्निव्हल-सोंगांचा मोठा कलावंत. १९९२ च्या बार्सिलोना, १९९६ च्या अटलांटा आणि २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकच्या उद्घाटन सोहळ्यांमध्ये त्यानं काम केलं. पण कार्निव्हलची कला दोन दिवस रस्त्यावर मिरवण्यासाठी जन्माला येते. महिनोन्महिने खपून केलेला पंधरा फुटी पिसारा बुधवारी सकाळी गटाराकाठी पडलेला असतो आणि कुणाला त्याचं वाईट वाटत नाही, जसं गणपती विसर्जनाला नेताना मूर्तिकार मागे धावत जात नाही. संग्रहालयाचा धंदा नेमका याच्या उलट. काही टाकायचं नाही, काही झिजू द्यायचं नाही, तापमान आणि दमटपणा मोजत राहायचं. जी वस्तू घाम येण्यासाठी केली, ती घामापासून वाचवून ठेवायची.

चित्रांच्या बाबतीत हा गुंता नाही. २००७ मध्ये याच म्युझियमनं ‘इन्फिनिट आयलंड’ नावाचं समकालीन कॅरिबियन कलेचं मोठं प्रदर्शन भरवलं, ४५ कलावंतांचं. शिवाय चित्रकार ज्याँ-मिशेल बास्किया तर घरचाच. वडील हैतीचे, आईचं कूळ पोर्तो रिकोचं. आईनं त्याला सहाव्या वर्षी म्युझियमचा बालसभासद करून घेतलं होतं. २०१७ मध्ये त्याचं १९८२ सालचं एक चित्र अकरा कोटी पाच लाख डॉलरला गेलं आणि २०१८ मध्ये ते एकटंच इथे येऊन भिंतीवर लागलं. सहा वर्षांच्या पोराला आर्ट गॅलरीत फरफटत नेणाऱ्या सगळ्या आयांना हा दाखला तोंडपाठ असतो. एडिसनच्या सूनबाईंनीही तो लगेच मुलाला ऐकवला. मुलानं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग मला भिंतीवर का काढू देत नाहीस?”

रात्र वर चढते तसा नाच तिसऱ्या मजल्यावरच्या बो-आर्ट्स कोर्टात येतो. उंच काचेचं छत, मधोमध झुंबर, आणि भोवतीच्या भिंतींवर युरोपातले जुने संत, सरदार, मडोना. सोन्याची वलयं डोक्यामागे घेऊन ते शेकडो वर्षं एकाच दिशेनं पाहतायत, आणि समोर फ्लॅटबुशच्या नर्सबाई दिवसाची पाळी संपवून गणवेशातच कंबर घुमवतायत. कुठलीही शैक्षणिक पाटी न लावता युरोप आणि कॅरिबियन यांचा संबंध इतका स्पष्ट दुसरीकडे कुठे मांडलेला नसेल.

सोका म्हणजे काय, हे कुणी आजोबांना सांगितलं असतं तर ते थोडे सैलावले असते. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला लॉर्ड शॉर्टी हा गायक कॅलिप्सोत ढोलक, धंताल, मेंडोलिन असली हिंदुस्थानी सामग्री घालू लागला. दक्षिण त्रिनिदादमध्ये हिंदुस्थानी वस्तीत वाढलेला माणूस. लोक म्हणाले, हे काय कॅलिप्सो झालं? त्यानं वाद्यं बदलली आणि ठेका तसाच ठेवला, मग कुणाची तक्रार राहिली नाही. तोच सोका. हा ठेका तिथे १८४५ मध्ये फतेह अल रझाक जहाजानं पोचलेल्या आणि पुढे येतच राहिलेल्या वेठकरारी मजुरांचा. बहुतेक भोजपुरी मुलखातले, कलकत्त्याहून चढवलेले. मराठी माणसांची जहाजं मॉरिशसकडे वळली. तरी ताशा दोन्हीकडे पोचलाच. त्रिनिदादच्या लग्नात आणि मोहरमच्या होसेत जो तासा वाजतो, त्याचं मातीचं बूड, बकऱ्याचं कातडं आणि बारीक काड्या पाहून कोल्हापूरच्या माणसाचे खांदे आपोआप हलतात. अडचण एकच: कातडं ताणायला तासा जाळावर शेकावा लागतो, आणि म्युझियममध्ये जाळ म्हटलं की छतातून पाणी सुटतं. म्हणून अशा ठिकाणी नटबोल्टचा, कृत्रिम कातड्याचा तासा आणतात. आवाज जरा कोरडा येतो. आजोबांना तो लगेच कळला. “शेकलेला नाही,” ते म्हणाले. शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या त्रिनिदादी गृहस्थानं नेमकी तशीच नाराज मान हलवली, आणि दोघांची ओळख झाली.

पुढचं बोलणं इंग्रजीत झालं, पण त्यात इंग्रजी फारसं नव्हतं. गृहस्थानं विचारलं, कुठले? आजोबा म्हणाले, बॉम्बेजवळचे. गृहस्थ म्हणाला, गावसकर! एवढ्यावर पुढची चाळीस मिनिटं गेली. १९७१ चा वेस्ट इंडिज दौरा, वाडेकरांची टीम, मडगावात जन्मलेल्या सरदेसाईंच्या ६४२ धावा, आणि एकवीस वर्षांच्या पोरानं चार कसोट्यांत काढलेल्या ७७४. पोर्ट ऑफ स्पेनच्या शेवटच्या कसोटीत दात ठणकत असताना १२४ आणि २२०. त्रिनिदादच्या लॉर्ड रिलेटरनं त्यावर कॅलिप्सो रचला. आपल्याच गोलंदाजांच्या पराभवावर गाणं करून नाचणारी जमात जगात दुसरी नसावी. आजोबांनी मग तो किस्सा सांगितला: वेस्ट इंडिजचा कप्तान सोबर्स खेळायला जाण्याआधी शकुन म्हणून गावसकरांना हात लावून जायचा आणि धावा काढायचा. शेवटच्या डावात वाडेकरांनी गावसकरांना चक्क बाथरूममध्ये कोंडलं, आणि सोबर्स शून्यावर गेला. गृहस्थानं ही आतली बाजू कधी ऐकली नव्हती. त्यानं कपाळावर हात मारला. पन्नासेक वर्षं त्याला वाटत होतं, खेळपट्टीचा दोष. परतफेड म्हणून त्यानं रोहन कन्हाय काढला, गयानातल्या मजुरांच्या वंशातला, ज्याच्या नावावरून गावसकरांनी मुलाचं नाव ठेवलं. ते आजोबांना ठाऊक होतं, पण त्यांनी ते नवीन असल्यासारखं ऐकून घेतलं.

त्या गृहस्थानं एक तक्रारही सांगितली, हसत हसत. पूर्वी म्युझियमला तो चालत यायचा, आता बसनं येतो. घरभाडं वाढलं, शेजार बदलला, पोरगी कॅनार्सीला गेली. याच म्युझियमनं २०१५ मध्ये बिल्डर-गुंतवणूकदारांच्या एका परिषदेला जागा भाड्यानं दिली होती, तेव्हा बाहेर पार्कवेवर फलक घेऊन लोक उभे राहिले होते. ज्यांच्या नाचाला आत जागा, त्यांच्या घराला बाहेर जागा नाही, असा तो हिशेब. संध्याकाळ फुकट असते, मोहल्ला नसतो.

कार्यक्रमाची वेळ संपली की दिवे लागतात. पहारेकरी आता नियमांत बसणारं काम मिळाल्यामुळे उत्साहात असतो, पण लोकांना दाराकडे न्यायला पंचवीस मिनिटं लागतात, कारण निरोप घेणं हा त्यांचा वेगळा कार्यक्रम असतो. बाहेर फुटपाथवर कुणी गाडीची डिकी उघडून स्पीकर लावतो. आणि पुढे नॉस्ट्रँड अॅव्हेन्यूच्या अंगाला एक बाई टेबल मांडून डबल्स विकत असतात: ‘बारा’ नावाच्या दोन तळलेल्या मऊ पुऱ्या, मधे छोल्यांचा रस्सा, वर चिंच, काकडी आणि कुचेला नावाचं कैरीचं लोणचं. १९३० च्या दशकात त्रिनिदादच्या प्रिन्सेस टाउनमध्ये एका दीन कुटुंबानं हा धंदा सुरू केला, दीन हे आडनाव. विकणारा दर गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारतो, तिखट किती? उत्तरं तीन: स्लाइट, मीडियम, प्लेंटी.

“आम्ही कोल्हापूरचे,” आजोबांनी बाईंना सांगितलं. बाईंना त्याचा अर्थबोध झाला नाही. “प्लेंटी,” आजोबा म्हणाले.

ही मिरची स्कॉच बॉनेटच्या घराण्यातली. दिसायला गोल, गुबगुबीत, गोंडस. तिखटपणा मोजायच्या मापात लाख ते साडेतीन लाखांच्या घरातली. पहिला घास गेला. दुसरा अर्धा गेला. आजोबांचं बोलणं थांबलं, कान लाल झाले आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

“आजोबा, रडताय?” नातवानं विचारलं.

“छे रे,” आजोबा रुमाल शोधत म्हणाले, “एकाहत्तरची मालिका आठवली.” आणि सुनेकडे वळून हळूच, “अगं, तिला विचार, दूध मिळेल का म्हणावं.”